अकरा कबुतरांचा राजीनामा

सन दोन हजार एकवीस, आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा. वय आधीच सांगून टाकतो, कारण त्या वयातही मी दिवसातून दोनदा आमच्या गच्चीचा जिना चढत होतो आणि त्या जिन्याला कठडा नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. जसं बोलतो तसंच लिहून राहिलो आहे. कुठं हिंदी घुसली तर घुसू द्या, जन्म जबलपुरात गेला.

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ढाबळ होती. ढाबळ म्हणजे कबुतरांचं घर. लाकडी खोकी एकावर एक रचलेली आणि पुढे जाळीचं दार. बाजूला उंच बांबूवर बसवलेली एक चौकट, तिला आम्ही छतरी म्हणायचो. उडून आलेलं पाखरू आधी छतरीवर बसतं, इकडेतिकडे बघतं, मग खाली उतरतं. त्या साली ढाबळीत अकरा पाखरं उरली होती. कधी काळी साठ होती.

आता त्या गच्चीवरून पाहिलं तर पाण्याच्या काळ्या टाक्या आणि पत्र्याचे शेड दिसतात. माझ्या जवानीत चौदा छतऱ्या दिसायच्या. ज्या दिवशी आमचा सराफा बाजार बंद, त्या दिवशी हिवाळ्याच्या उन्हात सगळ्या गच्च्यांवर माणसं उभी. प्रत्येकाची शीळ वेगळी. मी डोळे मिटून सांगायचो, ही हलवायाची, ही मागच्या गल्लीतल्या खाँसाहेबांची. नियम एकच होता. दुसऱ्याचं पाखरू भरकटून ज्याच्या छतरीवर उतरलं, त्याचं झालं. मागायला जायचं नाही, आणि कोणी मागितलं तरी द्यायचं नाही.

खाँसाहेब घड्याळं दुरुस्त करायचे. तीस वर्षं आम्ही एकमेकांची पाखरं पळवली आणि रस्त्यात भेटलो तर नुसती मान हलवली. पण माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस त्यांनी आपली पाखरं उडवली नाहीत. माझी बंद होती ना, म्हणून. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. चौदाव्या दिवशी मी शीळ घातली आणि तिकडूनही शीळ आली. पुढे ते गेले, मुलांनी त्यांची ढाबळ मोडली, आणि त्यांची एक मादी, पांढऱ्या अंगावर राखी ठिपक्यांची, माझ्या छतरीवर येऊन बसली. नियमानं माझी झाली. तिच्या नातीला आम्ही काबरी म्हणायचो. खाँसाहेबांच्या घराण्यातलं ते शेवटचं पाखरू, माझ्या अकरातलं एक.

बायको माझी नागपूरची, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती कबुतरांना सवती म्हणते. “आधी माझ्या सवतींना दाणे घालून या, मग तुमचा चहा.” पन्नास वर्षं हेच. पण मला ताप आला की बाजरीची वाटी घेऊन जिना तीच चढायची.

त्या हिवाळ्यात तळ्याकाठी मेलेले कावळे सापडले. तपासणीला गेले, बर्ड फ्लू निघाला. तोंडाला फडकी तर सगळ्यांच्या आधीचीच होती, त्यात हे नवीन. एका दुपारी एक शिपाई आला आणि दोन कागद देऊन गेला. एक मोठा, हिंदीत छापलेला. दुसरा छोटा, त्यात खाली सहीची रेघ. मी चष्मा लावला आणि बोट ठेवून ठेवून वाचत गेलो. कावळे सापडले त्या जागेच्या भोवती घेरा आखला आहे, घेऱ्यातल्या घरांतली पाळीव पाखरं नष्ट केली जातील, अधिकारी कुठल्याही आवारात प्रवेश करू शकतील, झडती घेऊ शकतील. मग छोटा कागद उचलला. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरात एकच शब्द होता. राजीनामा.

मी बायकोला म्हणालो, “हे मला राजीनामा द्यायला सांगून राहिले.”

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “कशाचा? सराफ्यातून तर कधीचेच निघाले तुम्ही.”

“पाखरांचा.”

तिचं लाटणं थांबलं.

आता कोणी म्हणेल, जबलपुरात जन्म काढला आणि एवढंही कळलं नाही? हिंदी मी बोलायला लागलो तेव्हापासून बोलतो. पण ती सराफ्याची हिंदी. तिथं नोकरी सोडली तर ‘इस्तीफा’ आणि भांडण मिटलं तर ‘समझौता’. राजीनामा हा शब्द मी आयुष्यात फक्त घरात ऐकला होता, एकाच माणसाच्या तोंडून, आणि तो मला कधी विसरता आला नाही.

माझे वडील गावाबाहेरच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. सकाळी भोंग्यावर उठायचं, भोंग्यावरच डबा घेऊन ते निघायचे. सगळ्या क्वार्टरांना एकसारखे हिरवे दरवाजे, मागे अंगण, अंगणात नळ. त्या अंगणात वडिलांनी पॅकिंगच्या फळ्या ठोकून ढाबळ केली होती. संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी ते पाखरांपाशी उभे राहायचे. त्यांच्या कपड्यांना तेलाचा वास यायचा, आणि कबुतरं त्याच कपड्यांवर चढून बसायची. मला तो वास अजून येतो, एखाद्या सायकलच्या दुकानापुढून गेलो की.

क्वार्टरमध्ये पाखरं पाळायला मनाई होती. आणि क्वार्टर कारखान्याचं, तेव्हा तपासायला येणाऱ्या साहेबाला आत शिरायचा हक्क होता, हे मला आज कळतं. पण आमच्या घरात एक रीत होती. आतून कोणी ‘या’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दूधवाला, पोस्टमन, माझा सख्खा मामा, सगळे बाहेर उभे राहून वाट बघायचे. मी नऊ वर्षांचा होतो. आई अंगणातल्या नळावर केस धूत होती आणि तो साहेब मागच्या फाटकातून सरळ आत आला. वाईट काही वागला नाही. ढाबळ पाहिली, वहीत लिहिलं, निघून गेला. संध्याकाळी वडील आले तेव्हा आईचे केस तसेच ओले होते आणि ती चुलीपुढे बसली होती.

वडिलांनी एवढंच विचारलं, “येऊ का म्हणाला होता?”

आई म्हणाली, “नाही.”

“मग मी राजीनामा देतो.”

आणि दिला. सगळ्यांनी समजावलं, बड्या साहेबांनी बोलावून घेतलं, पण नाही म्हणजे नाही. महिन्याभरात आम्ही दीक्षितपुऱ्यात दोन खोल्यांत आलो, हातगाडीवर ढाबळ आणि आईच्या मांडीवर झाकलेली टोपली. माझी शाळा तिथंच सुटली. सराफ्यात एका दुकानात चांदीला उजाळा द्यायच्या कामावर लागलो. रिठ्याच्या पाण्यात पैंजण घासायचे, ते पुढं आयुष्यभर घासले. वडिलांचा राग नाही आला कधी. मी तसाच आहे, मला कसा येणार?

पण गंमत पुढेच आहे. कबुतरांना राजीनामा काय समजतो. पहिल्यांदा मोकळी सोडली तशी ती उडाली आणि थेट जुन्या क्वार्टरवर जाऊन बसली. वडील टोपली घेऊन चालत गेले, मी मागे. क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं होतं, आमच्याच नागपूरकडचं. वडील फाटकाबाहेर उभे राहिले. स्वतः लावलेलं फाटक, कडी कुठं आहे ते अंधारातही सापडलं असतं. तरी बाहेर उभे राहून विचारायचे, “आमची पाखरं आली आहेत. आत येऊ का?” आतून बाई म्हणायची, “या.” मग ते आत जायचे, पाखरं गोळा करायचे, आम्ही परत चालत यायचो. दर रविवारी हेच. जवळपास वर्षभर चाललं. शेवटच्या रविवारी गेलो तर तिथं एकही पाखरू नव्हतं. बाई म्हणाली, आज आली नाहीत. वडील तिथंच फाटकाबाहेर थोडा वेळ उभे राहिले, आणि मला वाटलं की त्यांना वाईट वाटलं.

असा हा शब्द. तो कागदावर छापून माझ्या घरी आला, तेव्हा मी ठरवलं, माझ्याच्यानं हे होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वर गेलो. दोन-दोन दाणे घातले, जाळी उघडली आणि अकराच्या अकरा पाखरं हवेत सोडली. छतरीच्या बांबूला लाल फडकं बांधून टाकलं, म्हणजे ती उतरायला भितील. खाली आलो, दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची टाकून बसलो. आत पाखरूच नाही तर नेतील काय?

बायको म्हणाली, “काहून असं पोरासारखं करून राहिले? भूक लागली की येतीलच ना ती.”

मी म्हणालो, तू तुझं काम कर.

दहाच्या सुमाराला गल्लीत गाडी थांबली. कडी वाजली. मी दार उघडलं पण उंबऱ्यात उभा राहिलो. बाहेर पांढरा प्लास्टिकचा पोशाख घातलेली एक मुलगी, तिशीची असेल, जनावरांची डॉक्टर. मागे तसेच दोघं, आणि कालचा शिपाई. मी तिला कागद परत केला आणि म्हणालो की राजीनामा मी देत नाही. बापानं दिला होता तेवढा आमच्या घराला पुरे झाला.

तिला काही समजलं नाही. शिपाई म्हणाला की मॅडम, यांना बाजूला करू, कागदात लिहिलंय ना. ती त्याला म्हणाली, थांबा. मग तिनं वर पाहिलं. आमच्या घरावर, खूप उंच, पाखरं गोल फिरत होती. उन्हात त्यांचे पंख एकदा चमकायचे, एकदा नाहीसे व्हायचे. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटतं तेव्हाच तिला समजलं मी काय केलं ते.

“दादाजी,” ती म्हणाली, “कानून से तो मैं कुंडी तोड़कर भी आ सकती हूँ. पर पूछ रही हूँ. अंदर आ जाऊँ?”

खरं सांगतो, साठ-पासष्ट वर्षांत कुठल्या सरकारी माणसानं मला हे विचारलं नव्हतं. पण ‘या’ काही तोंडातून निघेना. मी दार तसंच उघडं ठेवून खुर्चीवर येऊन बसलो. ती उंबऱ्याच्या बाहेर थांबली. समोरच्या घरातून तिनं एक स्टूल मागून घेतलं आणि गल्लीत बसली. मागच्या दोघांना म्हणाली, तोवर पलीकडच्या घरांतल्या कोंबड्या आटपून या.

अकरा वाजले, बारा वाजले. त्या पोशाखात ती घामानं भिजली असेल. बायकोनं चहा विचारला तर तिनं हात जोडले, म्हणाली की तोंडावरचं काढता येत नाही. मग बायको आतल्या बाजूनं आणि ती बाहेरच्या बाजूनं, दोघींचं बोलणं सुरू झालं, जसा काही मी तिथं नव्हतोच. बायकोनं तिला माझ्या वडिलांची सगळी गोष्ट सांगितली, फाटकापर्यंत. आणि मग माझ्याकडे वळली.

“ऐका आता. ती म्हणून राहिली की राजीनामा म्हणजे राजी आहोत असं लिहून देणं. मर्जीनं दार उघडलं, असं. नोकरी सोडायची नाही, काही सोडायचं नाही.”

“राज़ी का नामा,” बाहेरून ती म्हणाली. “बस, इतना ही, दादाजी.”

खाँसाहेब असते तर आदल्या दिवशीच गच्चीवरून ओरडून सांगितलं असतं त्यांनी, आणि वर महिनाभर हसले असते.

मी तिला विचारलं, माझं एकही पाखरू आजारी नाही, तपासून सोडता येणार नाही का? ती नाही म्हणाली. मी विचारलं, सही केली तर एखादं वाचेल? तिनं पुन्हा नाही म्हटलं. म्हणाली की सही न केली तरी मला हे करावंच लागेल. दिसायला चांगलं असलेलं पाखरूही आजार घेऊन फिरतं, आणि तुमची तर सगळ्या गावावरून फिरतात. तिनं गोड बोलून फसवलं असतं तर मी तिला दारात उभं केलं नसतं. पण तिनं एकदाही खोटी आशा दाखवली नाही. आणि ‘सगळ्या गावावरून’ म्हणाली, ते तर मीच आयुष्यभर छाती फुगवून सांगत आलो होतो.

दोन वाजत आले होते. मी उठलो, दारापाशी गेलो आणि सही केली. माझी सही म्हणजे नाव लिहायचं आणि खाली रेघ ओढायची. एकच अट घातली. पाखरं मी स्वतः धरून देणार. तुमचे लोक हात घालतील तर ती फडफडतील, पिसं तुटतील. ती म्हणाली, ठीक आहे, पण हातमोजे आणि तोंडावर हे घाला. तिनं स्वतः माझ्या कानामागं दोऱ्या अडकवल्या.

तरीही तिला ‘या’ मी म्हटलं नाही. जिन्याकडे हात केला, एवढंच. ती माझ्या मागून आली. कठडा नाही हे पाहून म्हणाली, “आप रोज़ चढ़ते हैं?” मी म्हटलं, रोज. दोनदा.

लाल फडकं सोडलं, वाटी वाजवली आणि शीळ घातली. ती शीळ माझ्या वडिलांची आहे, दोन लांब आणि एक तुटकी. पाखरं लगेच खाली आली. भुकेली होती, बायको म्हणाली होती तशीच. एकेक छतरीवर बसलं, एकेक उतरलं. कबुतर कसं धरायचं ते सांगतो. पाय आपल्या दोन बोटांत, अंगठा पंखांवर, छाती तळहातावर. दाबायचं नाही. नीट धरलं तर त्याला वाटतं की आपण घरट्यात आहोत. हातमोज्यांतून मला त्यांच्या छातीची ऊब लागत नव्हती. त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी एकेक दिलं आणि तिनं एकेक घेतलं. घाई केली नाही. गच्चीच्या कोपऱ्यात जे करायचं ते तिच्या लोकांनी केलं, माझ्याकडे पाठ करून. एकही पाखरू फडफडलं नाही.

दहा झाली. अकरावं नव्हतं. काबरी आली नव्हती.

मी शीळ घालत राहिलो. आभाळ रिकामं होतं. शिपायाची नजर माझ्यावर, की म्हाताऱ्यानं लपवलं. मी ढाबळीतलं एकेक खोकं उघडून दाखवलं. डॉक्टरनं ढाबळीत चुना टाकून घेतला, औषध फवारून घेतलं, आणि कागदावर लिहिलं, दहा. पुढे काही तरी लिहिणार होती, ती थांबली.

“आएगी?” तिनं विचारलं.

“येईल,” मी मराठीतच म्हणालो. “तिच्या आजीला दुसऱ्याचं घर सापडलं होतं. हिला स्वतःचं सापडणार नाही काय?”

तिला किती समजलं माहीत नाही. तिनं आपला नंबर लिहून दिला, हातमोज्यांची एक जोडी आणखी ठेवली आणि म्हणाली की आली तर पकडून ठेवा, घराबाहेर नेऊ नका, मला बोलवा. शिपाई म्हणाला, कोणी बसवू का इथं? ती नको म्हणाली. म्हणाली, दादाजींनी लिहून दिलं आहे.

ते गेल्यावर बायकोनं मला न्हाणीघरात पाठवलं आणि माझे कपडे उकळत्या पाण्यात टाकले. सवती हा शब्द त्या दिवशी तिनं उच्चारला नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं वर गेलो. चुन्यानं गच्ची पांढरी झाली होती. काबरी छतरीवर बसली होती, मान आखडून, रात्र कुठल्या तरी टाकीवर काढल्यासारखी. माझ्याकडे बघत होती. भिंतीपाशी लाल फडकं पडलेलं होतं. बायको जिन्यात उभी होती, अर्धी वर, अर्धी खाली.

“उडवून द्या तिला,” ती हळूच म्हणाली. “कोणाला समजून राहिलं?”

फडकं दोनदा हलवलं असतं तर काबरी गेली असती. कुठं गेली असती? संध्याकाळी परत इथंच आली असती, नाही तर दुसऱ्या कोणाच्या छतरीवर. आता छतऱ्या राहिल्या नाहीत, पण गच्च्या आहेत, गच्च्यांवर लहान पोरं खेळतात. आणि काल खाली दारात मी त्या कागदावर माझ्या हातानं रेघ ओढली होती. मी राजी आहे असं मी लिहून दिलं होतं, कोणी हात धरून लिहवून घेतलं नव्हतं.

मी हातमोजे घातले आणि शीळ घातली. ती आली. पाय दोन बोटांत, अंगठा पंखांवर. बायकोला म्हणालो, नंबर लाव.

मग आईची ती जुनी टोपली काढली, काबरीला आत ठेवलं, वर जाळी बांधली. खाली येऊन दाराची दोन्ही कवाडं उघडली आणि टोपली मांडीवर घेऊन खुर्चीवर बसलो. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. डॉक्टर एकटीच आली आज. उंबऱ्याबाहेर थांबली, आणि तिनं विचारायच्या आधीच मी म्हणालो,

“या.”